चौदा लिटर पाणी

११ फेब्रुवारी, मंगळवार

औषध कंपन्यांनी फुकट वाटलेल्या डायऱ्या मी तेहतीस वर्षं जपून ठेवल्या आणि एकीतही अक्षर लिहिलं नाही. लिहायचं ते वॉर्डातल्या रजिस्टरात: पेशंट झोपला, पेशंट उठला, पेशंटने दवाखान्याचं जेवण नाकारून नातेवाइकांच्या डब्यातलं मटण खाल्लं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि पुन्हा एक पेशंट हाती आला आहे. रजिस्टर नाही, म्हणून डायरी.

पेशंटचं नाव आनंदराव. वय त्रेसष्ट. पेशंट माझा नवरा आहे, त्यामुळे ड्यूटी चोवीस तास. १९ जानेवारीला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, वाचा पूर्ण गेली. त्यांना समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यांना सगळं समजतं याचा पुरावा मला अजून मिळायचा आहे.

बोलणं शिकवायला मिनल नावाची मुलगी येते. ती म्हणाली, "काकू, त्यांच्यासमोर काहीतरी जिवंत, हलतं ठेवा. बघतील, मग त्याबद्दल बोलावंसं वाटेल. पहिले तीन महिने फार महत्त्वाचे असतात." जिवंत आणि हलती मी आहेच की, असं मी म्हटलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

पायलला फोनवर हे सांगितलं. आमची मुलगी पुण्याला असते आणि कुठल्याही संकटावर पार्सल पाठवते. आज मासे ठेवायची काचेची पेटी आली. लांबी एक फूट, पाणी मावतं चौदा लिटर. आमचा पिठाचा डबा याहून मोठा आहे. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवली, आनंदरावांच्या खुर्चीसमोर. तीन महिने म्हणजे १९ एप्रिल. मी कॅलेंडरवर गोल केला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी धुतली. आधी साबणाने, मग उकळत्या पाण्याने, मग परत एकदा, कारण पहिल्या दोन वेळा समाधान झालं नाही. तळाशी टाकायचे रंगीत खडे वीस मिनिटं उकळले. लोकांना वाटतं मासे पाण्यात राहतात म्हणजे स्वच्छ राहतात. मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात बाकीचंही उरकतात. असल्या वॉर्डात रोज सफाई पाहिजे, हे सांगायला मला पुस्तक लागत नाही.

नळ आल्यावर ताजं पाणी भरलं. पाणी पेटीत पडायला लागलं तसा आनंदरावांनी डावा हात वर केला आणि अं अं अं सुरू केलं. पेशंट असा हात कधी करतो ते मला कोणी शिकवू नये. दोन्ही काखांत हात घालून उठवलं आणि कमोडवर बसवलं. दहा मिनिटं बसले. काही झालं नाही. माझ्याकडे नुसते बघत राहिले.

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ नागसेन दोन गोल्डफिश घेऊन आला. पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी त्याने सत्काराच्या हारासारखी धरली होती.

"ताई, हे एकदम फर्स्ट क्लास मासे. शांत प्राणी आहे. भाऊजीले आवडन पाय."

"एवढ्याशा पेटीत राहतील का गा?"

"न राह्याले काय झालं? मासा केवढा अन् पेटी केवढी! अजून दोन आनतो म्हनतो मी."

आणू नको म्हटलं. त्याच्या भाऊजींनी माशांकडे पाहिलं, मग नागसेनकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. नागसेन म्हणाला, पाहा, किती शांत वाटून राहिलं त्यांना.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक गोल्डफिश वारला. सकाळी उलटा तरंगत होता. अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरला. पूर्ण पाणी फेकलं, पेटी घासली, खडे उकळले, ताजं पाणी भरलं. तेवढ्यात आनंदरावांचा हात पुन्हा वर. पुन्हा कमोड. पुन्हा काही नाही. यांचं पोट साफ होत नाहीये, इसबगोल सुरू करते.

शेजारच्या इंदूबाई आल्या होत्या. त्यांनी मेलेल्या माशाची हकिकत विचारली आणि लगेच त्यांच्या मावसदिराची सांगितली. त्यालाही लकवाच होता, तोही रविवारीच गेला. आजाऱ्याच्या उशाशी बसून दुसऱ्या मेलेल्या आजाऱ्याची गोष्ट सांगायची, ही नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीची जुनी रीत आहे. वॉर्डात अशा लोकांना मी बाहेर काढत असे. घरात चहा द्यावा लागतो.

जाताना म्हणाल्या, "भाऊले मासे आवडतेत हे सांगाचं नाही का वं? आम्ही उगाच संत्री आनून राहिलो."

२० फेब्रुवारी, गुरुवार

बातमी पसरली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे खरं. आतापर्यंत संत्री, बिस्किटाचे पुडे आणि शहाळी येत होती. आता मासे येऊ लागले. इंदूबाईंनी दोन काळे आणले, डोळे बाहेर आलेले. विहारातल्या मंडळींनी वर्गणी काढून तीन आणले. माझ्या चुलत नणंदेने एक चंदेरी आणला, शार्क आहे म्हणाली, वर्षाभरात फूटभर होतो. पेटीच फूटभर आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग बरोबर मापाचा आहे.

आजची हजेरी: सात मासे, चौदा लिटर पाण्यात. एका खाटेवर दोन पेशंट आणि खाली जमिनीवर तिसरा, अशी पावसाळ्यातली तापाची साथ मी पाहिली आहे. तरी तिथे खिडकी होती.

एवढी गर्दी म्हणून सफाई दोनदा केली, सकाळी आणि संध्याकाळी. दोन्ही वेळा हात वर आणि अं अं. संध्याकाळी तर त्यांनी काठी उचलून बाल्कनीतल्या बादलीकडे रोखली. फरशी पुसायला कालपासून भरून ठेवलेली बादली आहे ती. म्हणजे आंघोळ पाहिजे. सकाळी आंघोळ झालेली असताना! पण पेशंटची इच्छा, म्हणून पुन्हा आंघोळ घातली. आंघोळ होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाच गेले. शार्क पहिला गेला, काळे डोळेवाले दोघं काल, विहाराचे दोन आज. कढीपत्त्याला यंदा चांगलं खत मिळालं आहे.

मेलेले मासे उचलताना आनंदराव रडले. आवाज न करता, नुसतं पाणी. मेंदूला इजा झाली की रडू विनाकारण येतं, ते खरं रडणं नसतं, असं आमच्या पुस्तकात होतं. मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मिनल म्हणाली, एक ते दहा म्हणा काका. त्यांनी ओठसुद्धा हलवला नाही. मागच्या आठवड्यात निदान "ए" पर्यंत आले होते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेले दोघंही गेले. पेटी रिकामी आहे. ही डायरी कोणी वाचणार नाही, तेव्हा १९ जानेवारीचं लिहून टाकते.

रविवार होता. मी पेपर वाचत होते आणि ते चहा पीत बडबडत होते. बडबड हाच त्यांचा स्वभाव. बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये तीस वर्षं पाण्याच्या खात्यात होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी यायचे आणि ताटावर बसले की सुरू: आज लाल पाणी आलं, आज निळं आलं, चार नंबरची टाकी फेसाळली, कोणत्या साहेबाला काय सुनावलं. रिटायर झाले तरी तेच पुराण. मी हं हं करत भाजी वाढायची. त्या रविवारी त्यांची जीभ जड होती, शब्द घसरत होते. मला वाटलं तोंडात टोस्ट आहे. मी म्हटलं, "चूप बसा नं जरा. पेपर तं वाचू द्या."

ते चूप बसले. वीस मिनिटांनी हातातला कप पडला.

जीभ जड होणं म्हणजे काय, हे मी शिकाऊ मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं आहे. तेहतीस वर्षांची सिस्टर, आणि स्वतःच्या घरात पेपरमधल्या भविष्यातून मान वर काढली नाही. वीस मिनिटं आधी दवाखान्यात नेलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे म्हणून मी कोणाला विचारत नाही. पायलला सांगितलेलं नाही. नागसेनलाही नाही.

मला त्यांचं बोलणं परत पाहिजे. लाल पाणी, निळं पाणी, काहीही चालेल.

५ मार्च, बुधवार

पायलने छोट्या पेटीत कोणते मासे ठेवावेत याची यादी पाठवली. नेटवर सगळे तज्ज्ञ आहेत. एकाने लिहिलं आहे, चौदा लिटरमध्ये दहा छोटे मासे सुखात राहतात. दुसऱ्याने लिहिलं आहे, एकही ठेवू नका, गोगलगाय पाळा. तिसरा विचारतो, मुळात पाळायचंच काहून? तो मला पटला.

तरी इंदूबाईंना आनंदरावांपाशी बसवून जरीपटक्याला गेले. माशांच्या दुकानाचा शेठ पेटीचं माप ऐकून खूश झाला. "माताजी, छोटा टँक है ना? तो छोटी मछली लो. छोटी है तो ज्यादा आएगी." हे गणित मी दवाखान्याच्या प्रशासनाकडूनही ऐकलं होतं. सहा बारीक मासे घेतले, अंगावर निळी चमकती रेघ. देखणे होते.

घरी आल्यावर पेटी घासली, ताजं पाणी भरलं. यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि ओढला. मी म्हटलं, थांबा, आधी यांना सोडते, मग तुम्हाला नेते. मासे सोडले, मग कमोडवर नेलं. त्यांनी आत जायला पहिल्यांदाच साफ नकार दिला, दाराची चौकट घट्ट धरून उभे राहिले. एका पायावर. फिजिओवाला हे बघून खूश झाला असता.

९ मार्च, रविवार

सहाही गेले. चार दिवसांत सहा. माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या वॉर्डाचा आकडा असा कधी नव्हता.

मिनल आज स्पष्ट बोलली. "काकू, आता मासे आणू नका. मेले की ते दोन दिवस प्रयत्नच करत नाहीत." मी म्हटलं, कबूल. पेटी इंदूबाईंच्या नातवाला खेळायला देऊन टाकते म्हटलं तर आनंदरावांनी काठी आपटली. म्हणजे मासे नकोत आणि पेटी पाहिजे. आता ते रिकाम्या पेटीसमोर बसतात. पूर्वी निदान टीव्हीकडे बघायचे.

दोन दिवस जेवण अर्धं टाकलं. कॅलेंडरवरच्या गोलाला एक्केचाळीस दिवस उरले आहेत. मी बोलत राहते, कारण कोणीतरी बोललं पाहिजे. भाजीवाल्याचं, पायलचं, नागसेनच्या नव्या गाडीचं सांगते. ते ऐकतात की नाही कळत नाही. ताटावर समोरचं माणूस ऐकत नसताना बोलत राहणं कसं वाटतं, ते आता कळायला लागलं आहे.

१६ मार्च, रविवार

आज रुपराव आले. मिलमध्ये यांच्या हाताखाली होते. गडचिरोलीकडे मुलीकडे गेले होते, झटक्याचं परवाच कळलं. दारातून जयभीम घातला आणि साहेबांना पाहून त्यांचे डोळे भरले. हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. मी मनात म्हटलं, आला आणखी एक मासा.

मासा नव्हता. मूठभर खडे होते. हिरवट, बुळबुळीत. मी ते धुवायला घेणार, एवढ्यात आनंदरावांनी डावा हात पुढे केला. रुपरावांनी खडे त्यांच्या तळहातावर ठेवले. यांनी नाकाशी नेऊन वास घेतला आणि हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही अर्ध्याच तोंडाने.

"सायबाच्या टाकीतले आहेत वहिनी," रुपराव म्हणाले. "माझ्या पोराले मिलच्या गेटवरून आनाले लावले."

"कोणती टाकी?"

रुपराव माझ्याकडे बघत राहिले. "तुमाले सांगितलं नाही का सायबानं?"

मग त्यांनी सांगितलं. मिलचं रंगाचं पाणी या टाकीतून त्या टाकीत साफ होत जायचं आणि सगळ्यात शेवटी एक लहानशी टाकी होती. तिच्यात मासे. साफ झालेलं पाणी आधी त्या माशांवरून जायचं. मासे हलत आहेत तोवर पाणी बाहेर नाल्यात सोडायचं. मासा मरगळला की साहेब नाल्याकडचं पाण्याचं गेट बंद करायचे.

"एकदा मोठ्या मॅनेजरनं म्हटलं, सोड पानी, मशिना थांबल्या. साहेब म्हने, पह्यले तुमी पिऊन दाखवा. दीड दिवस गेट बंद होतं वहिनी! खालच्या गावाची जनावरं पेतेत नं ते पानी. एक मासा तं बारा वर्षं जगला आपला."

मी विचारलं, आमचे चार दिवसही का जगले नाहीत? रुपरावांनी विचारलं, पाणी कोणतं टाकता? मी अभिमानाने सांगितलं: नळाचं, रोज ताजं, दोनदा बदलते, खडे उकळते.

रुपरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं.

"वहिनी, ताज्या पान्यात क्लोरीन राह्यते. मासा जळते त्यानं. बादलीत एक दिवस उघडं ठेवा लागते. अन् एकदम सारं नाही बदलवाचं, रोजचे एक-दोन मग्गे. अन् हे खडे धुवाचे नाही. याच्यातले जंतू घान खातेत, तवा पानी चांगलं राह्यते. हे तं सायबानंच शिकवलं आमाले."

जंतू! मी आयुष्यभर ज्यांना मारायचा पगार घेतला, ते.

म्हणजे हात वर केला होता तो पाण्यासाठी. काठी रोखली होती ती बादलीतल्या कालच्या पाण्याकडे. आणि त्या माणसाला मी कमोडवर बसवत होते, इसबगोल पाजत होते, दिवसातून दोनदा आंघोळ घालत होते. चौदा मासे मी मारले, आणि ते प्रत्येक वेळी मला सांगत होते.

रुपराव गेल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "मले नाही समजलं जी. माफ करा." त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. सिस्टर झाल्यापासून मला कोणी टपली मारली नव्हती. मी तिथेच बसून रडले, आणि ते रडणं पुस्तकातलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

नवीन कामाची व्यवस्था. प्लांट इन-चार्ज: आनंदराव. हेल्पर: सत्यवती, अनुभव शून्य.

बादलीतलं शिळं पाणी पेटीत भरलं. बुळबुळीत खडे न धुता तळाशी टाकले. टाकताना मी डोळे मिटले होते. मासे आणायचे का विचारलं तर हात आडवा. थांब.

२१ मार्च, शुक्रवार

रोज सकाळी पेटीतलं ग्लासभर पाणी त्यांच्यासमोर धरते. उजेडात बघतात, वास घेतात, हात आडवा. वास मीही घेऊन पाहिला. पाण्याला पाण्याचा वास येतो. तसं सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मिलच्या मॅनेजरने बऱ्याचदा पाहिलं असणार.

जेवण पूर्ण. मिनलने एक ते दहा म्हणायला सांगितलं, चारपर्यंत आवाज निघाला. शब्द नाही म्हणता येणार, पण चार वेगवेगळे आवाज होते. चार नंबरपाशी ते अडले आणि हसले. मिनलला कारण कळलं नाही. मला कळलं: चार नंबरची टाकी.

नागसेन दोन मासे घेऊन आला होता. दारातूनच परत पाठवला. "रिकाम्या पेटीची काहून सेवा करून राहिली वं ताई?" असं विचारून गेला.

२९ मार्च, शनिवार

आज ग्लास पाहिला, वास घेतला आणि मान हलवली. हो.

झटक्यानंतर पहिल्यांदा ते दवाखान्याखेरीज कुठे निघाले. ऑटोवाल्याला सांगितलं, खड्डे चुकवून चालव गा. तो म्हणाला, मग नागपुराच्या बाहेरून जा लागते मावशी. जरीपटक्याचा शेठ मला ओळखून पुन्हा सहा देऊ लागला. मी म्हटलं, साहेबांना विचार.

साहेबांनी दुकानातली सगळी पाणी पाहिली. मासे नाही, पाणी. गोल्डफिशच्या टाकीपाशी नाक मुरडलं. शेठला वाटलं, भाव करून राहिले. शेवटी ते एका फळीपुढे थांबले. तिथे बाटल्यांमध्ये एकेक फायटर ठेवला होता. हा मासा दुसरा फायटर दिसला की फाडून खातो, म्हणून एकटाच ठेवतात. वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यामुळे थोड्या पाण्यात भागतं. हे मला शेठने सांगितलं, आणि मग हे त्याने ५ मार्चला का सांगितलं नाही ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आपने एक मछली बोला ही नहीं, माताजी."

मला लाल पाहिजे होता. यांनी मळक्या निळ्यावर बोट ठेवलं, शेपटी एका बाजूने फाटलेली. मी म्हटलं, पैसे देऊन आजारी काहून घेता? बोट हललं नाही. चौदा लिटरला एक मासा, आणि तोही डागी.

घरी आणलं. मी कात्री घेऊन पिशवी फोडणार, तोच हात आडवा. फुगलेली पिशवी तशीच पेटीतल्या पाण्यावर ठेवायची, असं खुणेने दाखवलं. बोटं दोनदा पूर्ण उघडली: वीस. डाव्या हाताच्या पाच बोटांनी वीस दाखवायला चार वेळा उघडावी लागतात, हे लक्षात आल्यावर आणखी दोनदा उघडली. वीस मिनिटं.

मी बसले. दोन मिनिटं झाली. मासा पिशवीच्या तळाशी पडून होता, कल्ले नुसते थरथरत होते. वीस मिनिटं वाट बघत बसल्यावर काय होतं ते मला कोणी सांगू नये. मी उठले, कात्री घेतली आणि बोलायला लागले. हा गुदमरून राहिला, याला हवा नाही, फाटका होताच, याने पण जीव सोडला तर तुम्ही पुन्हा जेवण टाकाल, मग मिनल मला बोलेल, एप्रिल आला, मी काय करू, कोणाला सांगू, मी फोडते आता, मला नाही पाहवत...

"चूप... बस... वं."

कात्री हातात तशीच राहिली. मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, कपाळावर घाम होता आणि नजर पिशवीवर. जीभ जड होती, शब्द घसरले, पण तीन होते. मी मोजले. मी कात्री टेबलावर ठेवली, स्टूल त्यांच्या खुर्चीला लावलं आणि बसले. अठरा मिनिटं राहिली होती. मासा कधीतरी वर आला, पिशवीतल्या पाण्याबाहेर तोंड काढून एक घोट हवा घेतली आणि परत खाली गेला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वेळ झाल्यावर पिशवी मीच उघडली, ते बघत होते.

संध्याकाळी पायलला फोन केला. बाबा बोलले, म्हटलं. ती किंचाळली. काय म्हणाले, काय म्हणाले? ते सांगायच्या आधी मी तिला १९ जानेवारीचं सगळं सांगितलं. पुढे सांग, म्हणाली. मग आज ते काय म्हणाले ते सांगितलं. ती आधी रडली की आधी हसली, ते मला फोनवर नीट कळलं नाही.

"मग तू काय केलं?"

"चूप बसले. अठरा मिनिटं."

"आई," पायल म्हणाली, "खोटं नको बोलू."